पुरंदरचा तह आधी वाचा, मग भांडा

पोस्ट जरा मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा.

जून आला की आपल्याकडे पुरंदरच्या तहावरून जुंपते. एक गट म्हणतो शरणागती, दुसरा म्हणतो गनिमी कावा. दोन्हीकडच्यांना साधा प्रश्न विचारतो: तहाची कलमं कुठे वाचलीत? उत्तर बहुतेक वेळा सिरियल, नाहीतर व्हॉट्सॲप.

या तहाचा सगळ्यात जवळचा तपशील फारसीत आहे. मिर्झाराजे जयसिंगांनी औरंगजेबाला पाठवलेली पत्रं त्यांचा मुन्शी उदयराज लिहायचा. ती 'हफ्त अंजुमन' या संग्रहात आहेत. जदुनाथ सरकारांनी त्याची हस्तलिखितं मिळवून वापरली, म्हणून तर आपल्याला आकडे माहीत. २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख मोगलांना, १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख महाराजांकडे. हे पाठ असतं सगळ्यांना.

पण पुढे वाचा ना! महाराज स्वतः मनसबदार होत नाहीत, ५ हजारी मनसब शंभूराजांच्या नावे. आणि विजापूरच्या ताब्यातला तळकोकणचा ४ लाखांचा व घाटावरचा ५ लाखांचा मुलूख बादशहाने आपल्याला लिहून दिला, तर त्याबदल्यात ४० लाख होन १३ वार्षिक हप्त्यांत देऊ, अशी बोलणी. वज्रगड पडलाय, मुरारबाजी गेलेत, आणि हा माणूस हप्ते पाडून घेतोय! जयसिंगही काही कच्चा नाही. यातून शिवाजी आणि विजापूर यांच्यात कायमचं वैर लागेल, हा त्याचा हिशोब. तोही त्याच पत्रव्यवहारात आहे.

अर्थात ही जिंकणाऱ्या सेनापतीची पत्रं. धन्याला खूश करायला लिहिलेली. त्यातलं किती घ्यायचं आणि किती सोडायचं, हे ठरवायला मूळ भाषा यावी लागते. इथेच खरं दुखणं आहे. ग. ह. खरे, सेतुमाधवराव पगडी यांनी आयुष्य घालून फारसी कागद मराठीत आणले. आज तुमच्या-माझ्या ओळखीत घसटी फारसी वाचणारे किती? मला एका हाताची बोटं पुरतात. पुतळ्याला वर्गणी मागा, तासाभरात जमते. एखाद्या पोराला फारसी शिकायला पाठवूया म्हटलं की, "ती कशाला? ती त्यांची भाषा." अहो, अर्ज, फिर्याद, दस्तऐवज, जमीन हे शब्द तुमच्या सातबाऱ्याच्या भांडणात रोज येतात, तेव्हा नाही आठवत कुणाची ते?

शत्रूच्या दफ्तरात आपल्या राजाबद्दल काय लिहिलंय, हे वाचायची सोय आपण स्वतःच बंद करतोय. मग कुणीही उठतो, अर्धी ओळ फेकतो, आणि आपण दगड शोधतो.

कमेंटमध्ये शिव्या द्यायच्या तर खुशाल द्या. फक्त त्याआधी दिलेल्या २३ किल्ल्यांपैकी १० नावं लिहा. गुगल न करता. पुरंदर आणि कोंढाणा मी सांगून टाकतो, उरले ८.