प्रार्थनेचा टेस्ट रिपोर्ट

प्रार्थनेचा चक्क टेस्ट रिपोर्ट आहे, ठाऊक आहे? अमेरिकेत २००६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा हॉस्पिटलं, बायपासचे १८०२ पेशंट. काहींसाठी तीन ख्रिस्ती गटांनी चौदा दिवस प्रार्थना केली, काहींसाठी नाही. आपला नंबर कशात, हे पेशंटना माहीत नव्हतं. निकाल? गुंतागुंत ५२ टक्के आणि ५१ टक्के लोकांत. म्हणजे फरक जवळपास शून्य. आणि 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार' असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्के!

नास्तिक खूश, भाविक नाराज. 'प्रार्थनेने ऑपरेशन सुरळीत होतं' हा दावा असेल तर टेस्ट योग्यच आहे. पण मुळात प्रार्थना म्हणजे तेवढंच का?

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना बघा (मत्तय, सहावा अध्याय). त्यात 'मी', 'मला' कुठेच नाही. भाकर मागायची तीही 'आम्हाला', आणि आजच्यापुरती. म्हणजे माझ्या भाकरीबरोबर शेजाऱ्याचीही मागितली जाते. त्याच अध्यायात, लोकांना दिसावं म्हणून चौकात प्रार्थना करणाऱ्यांना चांगलंच झापलंय. खोलीत जा, दार लावून घ्या!

पण इथे एक गोची आहे. 'देवा, मला काही नको, जगाचं भलं कर' म्हणायचं आणि डोक्यात अप्रेजल. हेही नाटकच, फक्त प्रेक्षक बदलला.

गेथशेमाने बागेत येशूने असं केलं नाही. आधी मनातलं सरळ मागितलं, की हा दुःखाचा प्याला टळू दे. मग म्हटलं, पण तुझी इच्छा असेल तसं होवो. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी खरेपणा, मग निःस्वार्थ. जे मागितलंच नाही ते सोडणार काय, कपाळ? आणि तो प्याला काही टळला नाही. दुसऱ्या दिवशी क्रूस. आपल्या भाषेत टेस्ट केस फेल. तरी ख्रिस्ती लोक आजही प्रार्थनेचा आदर्श म्हणून त्याच रात्रीकडे बोट दाखवतात.

असो. त्या अभ्यासात प्रार्थना करणाऱ्यांकडे पेशंटचं फक्त पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर होतं. चौदा दिवस एका अनोळखी माणसाचं भलं चिंतायचं, आणि त्याला कधी कळणारही नाही. पेशंटचं काय झालं ते मोजलं. प्रार्थना करणाऱ्यांचं काय झालं, तो कॉलम रिपोर्टमध्ये नव्हताच. माझ्या मते खरा निकाल तिथेच लागला असता.