धर्माचा रकाना कोण भरतो?

शिक्षक मित्रांनो, पालकहो, जूनमध्ये प्रवेश अर्जातला 'धर्म' हा रकाना आपण किती सहज भरून टाकतो! लोहगडवाडीजवळच्या वस्तीवरचे एक ठाकर पालक मला म्हणाले, "गुरुजी, आमचा देव रानातला. तुम्ही न विचारताच लिहिलंत की!" खरंच, मी विचारलं नव्हतं.

मुलाला कोणत्या श्रद्धेत वाढवायचं, हे आईवडिलांनी ठरवायचं. संविधानाच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही पालकाच्या संमतीशिवाय अज्ञान मुलाला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने काढून टाकलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. पंथ लहान, म्हणून हक्क लहान ठरला नाही.

आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये सांगितलं, की अर्जात धर्म लिहिण्याची सक्ती सरकार करू शकत नाही.

जातीची नोंद मात्र नीट, कागद पाहून करा. पुढे जात पडताळणीला शाळेचंच रजिस्टर काढतात. धर्माचा रकाना पालकांना विचारून भरा. ते म्हणाले, "कोरा ठेवा", तर कोरा ठेवा.