रामाची सेवा, रयतेला हेलपाटे

२०२४च्या जानेवारीत अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेचा आनंद कोकणातल्या देवरूखच्या घराघरांत होता. पण त्यासाठी तहसील कचेरीला कुलूप कशाला? केंद्राला आपल्या कर्मचाऱ्यांसाठी दुपारी अडीचपर्यंतची अर्धी सुट्टी पुरली. महाराष्ट्राला सोमवारचा अख्खा दिवस लागला, आणि तोही आदल्या शुक्रवारी जाहीर करून!

आता कालनिर्णय काढून पाहा. २० आणि २१ जानेवारीला शनिवार-रविवार, २२ला ही सुट्टी, २६ला प्रजासत्ताक दिन, २७ आणि २८ला पुन्हा शनिवार-रविवार. नऊ दिवसांत कामाचे दिवस तीन. माखजन-साखरप्याहून एसटी धरून दाखल्यासाठी देवरूख गाठणाऱ्याने यातला कोणता मुहूर्त धरायचा? दार बंद दिसले की त्याचे भाडे गेले, मजुरी गेली. साहेबांचा पगार मात्र पैशानेही कमी होत नाही.

सुट्टीविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. सुट्टी देण्याचा अधिकार सरकारचा, हे मान्य. म्हणून तो ऐनवेळी, लोकांना वेठीस धरून वापरायचा? २०२०च्या फेब्रुवारीअखेरीस पाच दिवसांचा आठवडा आला, तेव्हा शनिवारच्या बदल्यात रोज पाऊण तास जादा काम ठरले होते. या सोमवारच्या बदल्यात काय? काहीच नाही.

संयुक्त राष्ट्रसंघात जगातल्या सगळ्या धर्मांची माणसे काम करतात. तिथे अधिकृत सुट्ट्या वर्षाला दहाच्या घरात. दिवाळी, गुरुपूरब, योम किप्पूर यांतली आपली एक ज्याने त्याने निवडावी. कचेरी चालू राहते. आपल्याकडे सार्वजनिक सुट्ट्याच दोन डझनांच्या घरात, शनिवार-रविवार वेगळे. ऐच्छिक सुट्टीची वाट आपल्या सरकारला दिसत नाही, कारण तिच्यात टाळ्या नाहीत.

कोकणाला तर हा मार दुहेरी बसतो. चाकरमानी गावी येतो गणपतीला आणि शिमग्याला. सगळे भाऊबंद तेव्हाच एकत्र भेटतात, वारसनोंदीचा आणि सातबाराचा विषय तेव्हाच निघतो, आणि नेमकी तेव्हाच कचेरी सणाच्या नाहीतर आठवड्याच्या सुट्टीवर. काम पुढच्या वर्षावर.

कर्मचाऱ्यांना विश्रांती जरूर मिळावी. पण सरकारने दोन गोष्टी ताबडतोब कराव्यात. ऐनवेळी सुट्टी दिली, तर पुढच्या शनिवारी कचेरी उघडी ठेवावी. गणपती-शिमग्याच्या सुट्ट्यांत चाकरमान्यांसाठी तहसीलची एक खिडकी तरी चालू ठेवावी. एवढे जमत नसेल, तर रामराज्याच्या गोष्टी सरकारने करू नयेत.