सात दिवसांचं कुलूप

गेल्या सोमवारी संध्याकाळी साताऱ्याहून मावशीचा फोन आला. "अगं, माझ्या नावानं कुणीतरी पैसे मागतंय," एवढंच बोलली आणि रडायला लागली.

तासाभरापूर्वी भजनी मंडळातल्या मैत्रिणीच्या नंबरवरून तिला व्हॉट्सॲपवर मेसेज आला होता: 'माझा कोड चुकून तुमच्याकडे आलाय, तेवढा पाठवा.' सहा आकडी कोड खरोखरच आला होता. मावशीनं पाठवला. मैत्रिणीचं खातं आधीच चोराच्या हाती गेलंय, हे तिला कसं कळावं? थोड्याच वेळात भिशीतल्या बायकांना मावशीच्या फोटोसह निरोप गेला: दवाखान्यात आहे, पंधरा हजार पाठवा, उद्या देते. एकीनं पाठवलेही.

"कोड द्यायचा नसतो, किती वेळा सांगितलंय तुला!" हे मावसभावाचं पहिलं वाक्य. हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलं आहे आणि आता मला त्याचा राग येतो. ओरडा बसलेलं माणूस गप्प बसतं. ते गप्प आहे तोवर चोराचा मेसेज खरा ठरत राहतो. मावशीला मी म्हटलं, आधी नंबरांची जुनी वही काढ. लँडलाइनच्या काळातली ती वही देवघराच्या फळीवर होती. तिनं एकेकीला फोन लावला आणि स्वतःच्या आवाजात सांगितलं, ती मी नव्हे.

मग खात्याकडे वळलो. ॲप नव्यानं टाकून मावशीचा नंबर घातला, आलेला कोड भरला. लगेच पिन मागितला गेला. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा हा पिन चोरानं लावला होता. तो माहीत नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. इथे बहुतेकांचा धीर सुटतो, म्हणून नीट सांगते: आपल्या नंबरवर आलेला कोड आपण भरला की त्याच क्षणी चोर बाहेर फेकला जातो. आपल्याला आत जाता येत नाही, पण तोही आत उरत नाही. त्याला परत यायचं तर नवा कोड लागेल, आणि तो येणार मावशीच्याच फोनवर. जुनं बोलणंही त्याच्या हाती लागत नाही. ते मूळ फोनमध्येच असतं. हे ऐकल्यावर मावशी पहिल्यांदा पाणी प्यायली.

इन्स्टाग्राम-फेसबुकचं वेगळं. तिथे आधी ईमेल सांभाळायचा, कारण खात्याचा पत्ता बदलल्याची सूचना जुन्या ईमेलवर येते आणि बदल उलटवण्याची लिंक त्यातच असते. मेलबॉक्सच गेली असेल, तर पहिली धाव तिकडे.

पैसे पाठवलेल्या मैत्रिणीनं लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येते ती अशा वेळीच. मावशीला मात्र चौकीत विचारलं गेलं, "तुमचे पैसे गेले नाहीत ना? मग तक्रार कसली?" तिचं नाव गेलं होतं! माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-क ओळख चोरण्याबद्दलच आहे: ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड. पैसे गेलेच पाहिजेत अशी अट त्यात नाही. आम्ही राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. ॲप चालवणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यानं दाद दिली नाही तर वर अपील करायला २०२३ पासून सरकारी समित्या आहेत. मला भेटलेल्या एकाही पीडिताला त्या ठाऊक नव्हत्या.

तोवर मावसभावानं नेटवर 'खातं परत मिळवून देणारा' शोधला होता. दोन हजार आगाऊ मागत होता. मी भावाला थांबवलं. असा मदतनीस हा दुसरा चोर असतो, आणि पहिल्यानं घाबरवलेलं माणूस त्याला आयतं सापडतं.

वहीतल्या एका नावापुढे मात्र खूण झाली नाही. कोड मागणारा मेसेज जिच्या नंबरवरून आला, ती मैत्रीण फोनच उचलत नव्हती; भजनालाही आली नव्हती. गुरुवारी मावशी तिच्या घरी गेली. खातं गेल्याचं तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मावशीनं चष्मा लावला, तिचा फोन हातात घेतला आणि म्हणाली, "सांग तुझा नंबर."