गॉब्लिनचं तोंड कुणाचं?

राक्षसाचं नाक फेंदारलेलंच का असतं? रंग डांबरासारखाच का? पाठीला पोक, दात किडके, ओठ जाड, केस राठ हे कुणी ठरवलं? आणि देवाचं नाक चाफेकळी, कांती केतकी, हे कुठल्या कोर्टात सिद्ध झालं?

दोस्तांनो, हे प्रश्न मी कलादालनात उभा राहून विचारत नाही. म्हसळ्याच्या बौद्धवाडीत, पत्र्याखाली, वीज गेलेली असताना, स्वतःच्या हाताकडे बघत विचारतोय. कारण गुन्हा ह्याच हातानं केलाय.

मी चित्रं काढतो. जयंतीचे फलक, लग्नाच्या कमानी, मचव्यांवरची नावं यावर पोट होतं. फ्लेक्स आला आणि ब्रश सुकला. मग जुना कॉम्प्युटर घेतला, क्रिटा नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर टाकलं आणि पडद्यावर काढायला शिकलो. शिकता शिकता ओपन सोर्स खेळांचा नाद लागला. ओपन सोर्स म्हणजे ज्याची आतली सगळी लिखापढी उघडी आहे तो माल. कुणीही घ्यावा, वाचावा, बदलावा, पुढं द्यावा. 'बॅटल फॉर वेसनॉथ' हा त्यातला जुना आणि नावाजलेला खेळ. डेव्हिड व्हाइट नावाच्या माणसानं 2003 साली सुरू केला आणि पुढं जगभरच्या लोकांनी वाढवला. त्यात माणसं आहेत, एल्फ आहेत, बुटके आहेत, ऑर्क आहेत, गॉब्लिन आहेत. कुणी बोलायला लागलं की बाजूला त्याचा रंगवलेला चेहरा येतो. असे चेहरे कुणीतरी हातानं काढलेले असतात. अशाच एका खुल्या खेळासाठी मीही काढायला बसलो. त्या खेळाचं नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा नाही.

पहिला एल्फ काढला. अर्ध्या तासात झाला. गोरा, नाकेला, पातळ ओठांचा. शाळेच्या भिंतीवरच्या रामाला टोकदार कान लावले की एल्फ होतो, हे तेव्हा कळलं. मग गॉब्लिन घेतला. तोही झरझर उतरला. काळा, बसक्या नाकाचा, वाकलेला, पुढचे दोन दात पडलेला. मागून आई आली. बघितलं आणि हसली.

"अरे, ह्यो तर आपला तात्या!"

मग तिचं हसू थांबलं. माझाही हात थांबला. तात्या म्हणजे माझा चुलता. मुंबईच्या मिलमध्ये सूतकताईच्या खात्यात होता. 1982च्या संपात भाकरी गेली तेव्हा गावी आला, तो लोकांच्या वावरात वाकून वाकून तसाच राहिला. संध्याकाळी तो आला, आईनं त्याला दाखवलं. त्यानं चष्मा पुसून पडद्याकडं बघितलं. म्हणाला, "बराच काढलायस. पन दात तरी नीट ठेवायचेस रं."

जमीन दुभंगत नाही हो अशा वेळी. ती नुसती सीतेसाठी दुभंगते.

आता सांगा, माझ्या हाताला हे कुणी शिकवलं? कुणी येऊन कानात सांगितलं नव्हतं की कुरूप काढायचा तर तुझा चुलता काढ. सांगायची गरजच नव्हती. 1894 साली मुंबईत रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि देवादिकांचे गोरेगोमटे चेहरे घराघराच्या भिंतीवर गेले. 1967पासून अमर चित्रकथा आली. तिच्यात देव उजळ नाहीतर निळे, आणि असुर काळे, आडदांड, सुळे दाखवणारे. तेच गिरवून आम्ही चित्रकलेच्या परीक्षा दिल्या. वर्गात सुंदर चेहऱ्याचं माप शिकवलं, पण ते माप कुणाच्या तोंडावरून घेतलं ते कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पोरगं 'अ' श्रेणीत पास झालं म्हणून पेढे वाटले.

ही नुसती बामणी कॅलेंडरांची गोष्ट नाही. सत्ता कुणाचीही असो, तिला चितारी लागतोच. मलिक अंबर हबशी होता, गुलाम म्हणून विकला गेलेला. तो निजामशाहीचा कर्ता झाला, 1610 साली त्यानं खडकी वसवली, म्हणजे पुढचं औरंगाबाद. जहांगीर बादशहाला तो आयुष्यभर हाती लागला नाही. मग बादशहानं काय केलं? 1616च्या सुमारास अबुल हसन या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं. पृथ्वीच्या गोलावर जहांगीर उभा, डोक्यामागं तेजाचं वलय, आणि समोर भाल्यावर टोचलेलं अंबरचं काळं शीर, त्याला बादशहा बाण मारतोय. सगळी थाप! अंबर 1626 साली आपल्या मरणानं मेला. पण रणात जमलं नाही ते कागदावर जमवलं. फँटसी म्हणतात ती हीच. आज ते चित्र डब्लिनच्या चेस्टर बिटी संग्रहात आहे.

आणि आपण तर जंजिऱ्याच्या मुलखातले. म्हसळा 1948पर्यंत सिद्द्यांच्या संस्थानात होतं. ज्या भटांच्या घराण्यातून पेशवे निघाले त्यांची श्रीवर्धनची देशमुखी ह्याच हबशाच्या अमलाखालची. काळा माणूस इथं शेकडो वर्षं गादीवर बसला, समुद्रात किल्ला राखून बसला, आणि माझ्या डोक्यात राजा म्हटलं की गोराच येतो! सिद्द्याचे गोडवे मी गात नाही. त्याच्या राज्यातही महारवाडा गावाबाहेरच होता. मी एवढंच म्हणतो की डोळ्यापुढं पुरावा असून माझा हात आंधळा राहिला.

बाहेरच्यांचंही सोवळं नको. आजच्या सगळ्या ऑर्क-गॉब्लिनांचा गुरुमहाराज टॉल्किन. त्यानं 1958च्या एका पत्रात ऑर्क कसे दिसतात ते सांगितलंय. बसकं नाक, पिवळट कातडी, तिरके डोळे, मंगोल वळणाचे. म्हणजे इंग्लंडातल्या प्रोफेसरालाही कुरूपाचा नमुना आशियातच सापडला. आणि त्याच्याही आधी हर्बर्ट रिस्ले नावाचा गोरा साहेब इथं माणसांची नाकं मोजत फिरला होता. 1891 साली त्यानं सिद्धान्त मांडला की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. बाबासाहेबांनी 1948च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकांचीच मापं घेऊन उत्तर दिलं. ही मापं खरी मानली तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात! नाकाचं राजकारण त्यांनी नाकावरच आपटलं. आम्ही मात्र त्यांचा फोटो भिंतीवर लावला आणि ब्रश हातात घेताना रिस्लेचा चेला झालो.

इथंपर्यंत चेहऱ्याची गोष्ट झाली. आता चेहऱ्याच्या मागं चला. वेसनॉथची लिखापढी उघडून वाचा, मी वाचली. तिथं ऑर्कांच्या एकाच विणीत जन्मलेली जी पोरं खुरटी राहतात ती गॉब्लिन. भाऊबंदच त्यांना नीचातले नीच मानतात आणि लढाईत पहिल्या धडकेला पुढं ढकलतात. बाकीच्यांना जन्मतः गुण मिळतात चपळ, बळकट, चिवट, बुद्धिमान. गॉब्लिनला मिळतं अशक्त, मंद नाहीतर मठ्ठ यातलं एक. मठ्ठ म्हणजे वरची पायरी गाठायला त्याला वीस टक्के जास्त अनुभव लागणार. आणि वरची पायरी तरी किती? माणसातला फाटका शेतकरीसुद्धा शून्यावरून तिसऱ्या पायरीपर्यंत चढू शकतो. गॉब्लिन शून्यावरून पहिलीवर, आणि तिथं खलास. शून्य पायरीवरच्याला आणखी एक शिक्षा. तो उभा असतो तिथं शत्रूला अडवायची ताकद त्याला नाही. इतर कुणाजवळून जाताना शत्रूला थबकावं लागतं, याच्या अंगाला लागून तो खुशाल पुढं जातो.

हे वाचून मला घाम फुटला. हे मी कुठंतरी वाचलंय. हे तर मनूनं लिहिलंय! जन्मावरून गुण, गुणावरून काम, कामावरून पायरी. खेळ रचणाऱ्यांच्या मनात पाप होतं असं मी म्हणत नाही. उलट गॉब्लिनाचे हाल त्यांनी झाकून ठेवले नाहीत. पण पाप मनात नसताना जे आपसूक होतं, तीच तर व्यवस्था. माझ्या मनात तरी तात्याबद्दल कुठं पाप होतं?

फरक एकच, आणि तो फार मोठा आहे. मनूची पोथी बंद होती. धर्मसूत्रानं सांगून ठेवलं की शूद्रानं वेद ऐकला तर कानात शिसं ओता. ह्या खेळाची पोथी उघडी आहे. साध्या अक्षरात लिहिलेली ओळ, खोडता येते. वर परवाना सांगतो, बदला, वाटा, फक्त पुढच्यालाही तोच हक्क द्या, आणि ज्यानं काम केलं त्याचं नाव राखा. रिचर्ड स्टॉलमननं 1989 साली हा जीपीएल परवाना काढला. ज्यांच्या बापजाद्यांच्या कामाखाली कधी नाव लागलं नाही, त्यांनी ह्या अटीची किंमत ओळखावी.

पण परवाना उघडा म्हणून हुरळू नका. आपण महाडच्या शेजारचे आहोत. 1923 साली बोल्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात पास झाला, 1924 साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर! पाण्याला हात लागला 20 मार्च 1927ला, बाबासाहेबांनी लावला तेव्हा. त्यावर डोकी फुटली, तळं एकशेआठ घागरी शेणमूत ओतून 'शुद्ध' झालं, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. म्हणजे खुलं आहे असं लिहिणं वेगळं, आणि तहानलेल्यानं ओंजळ भरणं वेगळं. आजचं हे तळंही तसंच आहे. काठावर इंग्रजीची पायरी आहे, विजेची आहे, कॉम्प्युटरच्या पैशाची आहे, आणि फुकट काम करायला लागणाऱ्या वेळेची आहे. ज्याचं पोट भरलेलं त्यालाच फुकट राबता येतं. म्हणून तिथं आपली तोंडं नाहीत, ना काढणाऱ्यांत, ना काढलेल्यांत. जी आहेत ती गॉब्लिन म्हणून आहेत.

आपल्यातलेच काही शहाणे म्हणतील, गावोगाव अत्याचार होतायत आणि हा भुतांची चित्रं काढतोय. मित्रा, ज्या पोरासाठी तू मोर्चा काढतोस ते आत्ता मोबाइलवर काय खेळतंय ते बघ. कोण मारण्याच्या लायकीचा दिसतो आणि कोण वाचवण्याच्या, हे ते तिथं शिकतंय. काळा दिसला की बाण सोडायचा. जहांगीर तेच करत होता. फुल्यांना हे 1873 सालीच कळलं होतं. 'गुलामगिरी'त त्यांनी राक्षसाला रक्षक म्हटलं, बळीराजाला परत गादीवर बसवलं. 1972 साली आपल्या पोरांनी ज्या अमेरिकन ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, तिच्या पेपरात एमरी डग्लस आपल्या लोकांची ताठ मानेची चित्रं काढत होता. चित्र हा चळवळीचा उद्योग आहे, फावल्या वेळचा चाळा नव्हे.

दुसरे म्हणतील, मग आपल्या माणसांना देखणं काढ, गॉब्लिनला गोरा कर. हे तर त्याहून वाईट! देखणेपणाचं माप त्यांचंच ठेवून त्यात आपलं डोकं घुसवायचं? नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडकं बांधलेला अस्पृश्य काढला, तो गोड करून काढला नाही. मला कुरूपाला सुंदर करायचं नाही. जन्म बघून तोंड वाटायचा धंदा बंद करायचा आहे. एल्फ काळा असेल, गॉब्लिन नाकेला असेल, राजा पोक काढलेला असेल. आणि चेहरा बदलून थांबायचं नाही. त्या 'मठ्ठ'च्या ओळीवर बोट ठेवायचं. मूळ खेळ ज्यांचा त्यांनी तसा राखावा, आपण आपली प्रत काढू आणि तिच्यातून ती ओळ खोडू. परवान्यानं तो हक्क दिलाय. 25 डिसेंबर 1927ला महाडात पोथी जाळावी लागली, कारण ती दुरुस्त करू देत नव्हते. इथं दुरुस्ती होते. मग बसलात कशाला?

मी चित्र परत काढलं. तात्याला सेनापती केला. रंग तोच, नाक तेच, पोकही ठेवलं, हातात तलवार दिली. दाताचं त्याला विचारलं. म्हणाला, "आता ऱ्हाऊ दे. आता शोभतात." मग बराच वेळ बघत बसला.

"तलवार कशाला? ती आपल्यात कोन चालवतो? धोटा दे हातात."

धोटा का, ते मला माहीत होतं. विणकाम खात्यात धोट्याचा दोरा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून अस्पृश्याला तिथं काम मिळत नव्हतं. जास्त पगार त्याच खात्यात. बाबासाहेबांनी 1928च्या संपात हा प्रश्न लावून धरला. तात्याचा बाप, माझा आजा, त्याच काळात मिलमध्ये गेला आणि जन्मभर सूतकताईतच राहिला.

"माज्या बापाला हात लावू दिला नाय त्येला," तात्या म्हणाला.

सेनापतीच्या हातात आता धोटा आहे. चित्र पाठवून दिलंय, खाली माझं नाव आहे. ते घेतील, न घेतील. नाही घेतलं तर आपल्या प्रतीत ते असेलच. म्हसळ्यात, माणगावात, महाडात ज्याच्या हाताला रेघ ओढता येते त्यानं बसावं. ज्याला लिखापढी वाचता येते त्यानं ती ओळ शोधावी. आणि काढण्याआधी एकदा आपल्या हाताला विचारावं, बाबा, तू कुणाचा?

जय भीम.