कावीळ उतरली, पण रक्त काय म्हणते?

पाऊस लागला की वऱ्हाडात कपाशीच्या ओळींत आणि धुऱ्यावर भुईआवळी उगवते. कावीळ झाली की ती वाटून देण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. कुणी गळ्यात माळ घालतो, कुणी चुन्याच्या निवळीत हात धुऊन पाणी पिवळे झालेले दाखवतो. काही आठवड्यांत डोळे पांढरे होतात आणि घरचे म्हणतात, कावीळ उतरली.

ती बहुतेकदा खरोखरच उतरलेली असते, पण श्रेय चुकीच्या जागी जाते. दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेकांत आपोआप बरी होते. रक्तातून, वापरलेल्या सुईतून, शरीरसंबंधातून किंवा आईकडून बाळाला होणारी ‘हिपॅटायटिस बी’देखील मोठ्या माणसांत शंभरातील पंचाण्णव जणांचे शरीर स्वतःच परतवते. नवजात बाळांचे मात्र उलट आहे. जन्मताना लागण झालेल्या शंभरातील सुमारे नव्वद बाळांच्या शरीरात हा विषाणू ठाण मांडतो. डोळे पिवळे होत नाहीत, काही दुखत नाही, आणि कित्येक वर्षांनी यकृत आक्रसल्याचे किंवा कर्करोगाचे निदान होते. म्हणून डोळ्यांचा रंग ही या आजाराची खूण नव्हे. खूण रक्तात असते.

ती खूण बारूक ब्लुमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात सापडली. १९६५ मध्ये ती प्रसिद्ध झाली, १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. विषाणूच्या बाह्य आवरणातले हे प्रथिन आज आपल्या लॅबच्या कागदावर ‘एचबीएसएजी’ म्हणून छापले जाते. ते सहा महिन्यांनंतरही रक्तात राहिले, तर आजार मुरला असे समजतात.

१९७८ मध्ये वुडचक या बिळात राहणाऱ्या, खारीच्या कुळातील अमेरिकी प्राण्यात याच घराण्यातला विषाणू आढळला. त्याच्याही रक्तात तशीच खूण दिसते, आणि त्यालाही पुढे यकृताचा कर्करोग होतो. त्यामुळे औषध दिल्यावर विषाणू हटला की नाही, हे प्राण्याच्या थेंबभर रक्तातून मोजता येऊ लागले.

आणि या कसोटीवर आपली भुईआवळीही लागली, तीही खुद्द ब्लुमबर्ग यांच्याच सहभागाने. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नुकतीच लागण झालेल्या चार वुडचकना तिचा अर्क टोचला. तिघांच्या रक्तातली खूण नाहीशी झाली. पुढच्याच वर्षी मद्रासच्या चाचणीचे निकाल आले. भुईआवळी महिनाभर घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांची खूण गेली, तर नुसती बनावट गोळी घेतलेल्या २३ पैकी एकाचीच. जगभर आशा पालवली. पण थायलंड आणि न्यूझीलंडमधल्या नंतरच्या चाचण्यांत हा गुण दिसला नाही.

यात भुईआवळीचा अपमान नाही. तिला मिळाली तितकी सरळ परीक्षा फार थोड्या वनस्पतींच्या वाट्याला येते. चार प्राण्यांना टोचलेला अर्क आणि वर्षानुवर्षे विषाणू बाळगणाऱ्या माणसाने तोंडाने घेतलेली पूड, यांत मोठे अंतर आहे. प्राण्यांवरचा प्रयोग आशा दाखवतो, हमी देत नाही. पण आशा खरी की खोटी हे ठरवणारी मोजपट्टी तीच राहिली: रक्तातली खूण.

माझे म्हणणे म्हणूनच सरळ आहे. कावीळ उतरवण्याचा दावा कुणीही करो, वैद्य, डॉक्टर की गावचा जाणकार, त्याला एकच प्रश्न विचारा: ‘बी’ची तपासणी आधी काय होती आणि सहा महिन्यांनी काय आहे? कागद नसेल तर दावाही नाही. अहवाल पॉझिटिव्ह असेल तर घाबरू नका, लपवूही नका. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा, ज्यांना लागण नाही त्यांना लस द्या. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या आजाराची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सगळ्यांना लगेच गोळ्या लागत नाहीत, पण नियमित तपासणी सगळ्यांना लागते.

सर्वांत महत्त्वाचे बाळाचे. गरोदरपणात प्रत्येक बाईची ही तपासणी झाली पाहिजे आणि बाळाला पहिली लस जन्मापासून चोवीस तासांच्या आत मिळाली पाहिजे. मेळघाटात जिथे अजूनही घरी बाळंतपण होते, तिथे हे चोवीस तास सहज हातून निसटतात. धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवर लस वेळेत पोचवणे हे आरोग्य खात्याचे काम आहे, आणि त्याचा हिशेब आपण मागितला पाहिजे.

दरवर्षी २८ जुलैला, ब्लुमबर्ग यांच्या वाढदिवशी, जागतिक हिपॅटायटिस दिन असतो. धुऱ्यावर भुईआवळी हिरवीगार असते ते हेच दिवस. त्या दिवशी फलक लावण्यापेक्षा एक करा. घरात कुणाला कधी कावीळ झाली असेल किंवा कुणी गरोदर असेल, तर त्यांचे रक्त तपासून घ्या.