मागच्या चाकाचा निकाल

वऱ्हाड प्रांताच्या जुन्या दप्तरात ज्या दोन भूभागांची बालाघाट आणि पयानघाट अशी नोंद असे, ते दोन्ही बुलढाणा जिल्ह्यात एकमेकांस भिडलेले आहेत. आणि वर अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा व खाली पूर्णेच्या काळ्या मातीच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव यांमधील अंतर ज्याने सायकलवरून कापले आहे, त्याला राजूर घाटाचा किंवा ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणाऱ्या बोथा घाटाचा चढ म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. अशा मुलखात गिअरच्या जाड टायरांच्या सायकली, ज्यांना विक्रेते माउंटन बाईक म्हणतात, लोकांच्या पसंतीस उतराव्यात हे स्वाभाविकच होते. परंतु त्या सायकलींबरोबर एक रिवाजही येथे रुजू झाला आहे, आणि माझी कैफियत त्या रिवाजाविरुद्ध आहे: मागच्या चाकातून करकर ऐकू येऊ लागली, चाक थोडे डगमगू लागले, की हब उघडून पाहण्यापूर्वीच ‘पुरे चाकच बदला’ असा निकाल दिला जातो, आणि ग्राहकही तो मुकाट्याने मान्य करतो.

हबची रचना गूढ नाही. मध्ये आस, आसाच्या आट्यांवर दोन्ही बाजूंनी फिरवून बसविलेले कोन, हबच्या पोटात दाबून बसविलेल्या दोन वाट्या, आणि कोन व वाटी यांच्या दरम्यान ग्रीसमध्ये बुडालेले पाव इंची छर्रे, बहुधा प्रत्येक बाजूस नऊ. एवढ्याशा सामग्रीवर स्वाराच्या भाराचा मोठा हिस्सा पडतो. चढावर तो भार आणखी मागे सरकतो, आणि त्यातच साखळीची ओढ सतत उजव्या बाजूने बसते. पावसाळ्यातील चिखल, उन्हाळ्यातील पिठासारखी धूळ आणि सायकल धुताना थेट आसावर मारलेला पाण्याचा जोरदार फवारा, हे तिन्ही मिळून आतील ग्रीसचा नाश करतात, आणि ग्रीस गेल्यावर लोखंड लोखंडावर घासू लागते. बहुतेक हब जुने झाल्यामुळे नव्हे, कोरडे राहिल्यामुळे मरतात, असे माझे ठाम मत आहे.

तपासणीस फार साहित्य लागत नाही: कोन धरण्यासाठी १५ मिलिमीटरचा पातळ पाना, फ्रीव्हीलच्या खाचांना जुळणारे हत्यार, थोडे डिझेल, एक फडके आणि ग्रीसचा डबा. काळवंडलेले ग्रीस पुसून कोन उजेडात धरला, की छर्रे ज्या रेषेवरून फिरतात ती रेषा स्पष्ट दिसते. ती एकसारखी चकाकत असेल तर कोन निरोगी समजावा, आणि तिच्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले असतील तर तो बाद करावा. वाटीचा तळ डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून बॉलपेनचे टोक तिच्या वळणावरून सावकाश फिरवावे. कोठेही न अडखळता ते फिरले, तर त्या हबचे आयुष्य अद्याप शिल्लक आहे याची खातरजमा झाली. छर्रे मात्र कसेही दिसोत, सर्वच्या सर्व नवे घालावेत, कारण त्यांची किंमत नगण्य असते. पेडल मारताना साखळी पकड न घेता मोकळी फिरत असेल, तर दोष अनेकदा हबचा नसतोच. फ्रीव्हीलमधील खटके जुन्या ग्रीसने चिकटून बसलेले असतात, आणि ते डिझेलने धुऊन पातळ तेल सोडले की पुन्हा उठतात.

याचा अर्थ प्रत्येक हब वाचवावाच असा दुराग्रह मी धरीत नाही. वाटीत खड्डे पडले, किंवा तारा अडकविण्याच्या कडेला चीर गेली, तर जुन्याचा मोह सोडून नवा हब बसविणे हाच शहाणपणा होय. मात्र तो घेतानाही विचार हवा. स्वस्त गिअर सायकलींत फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसविलेले असते, त्यामुळे उजवीकडील छर्रे सहा-सात दातेरी चकत्यांच्या आत ढकलले जातात, आसाचे उजवे टोक आधाराविना लांब राहते आणि घाटातील खड्ड्यांत ते वाकते वा मोडते. हा दोष ओळखूनच जपानच्या शिमानो कंपनीने १९७८ साली छर्रे बाहेरच्या बाजूस नेणारा फ्रीहब बाजारात आणला. ज्याच्या सायकलीचा आस पुनःपुन्हा वाकतो, त्याने चकत्यांसाठी थोडा जादा खर्च सोसूनही याच जातीचा हब घ्यावा. त्यापूर्वी तारांची छिद्रे ३२ की ३६, आणि मागच्या चिमट्याचे अंतर १३५ मिलिमीटर आहे की कमी, याची मोजणी करून घ्यावी.

न उघडता निकाल देणाऱ्या मिस्तरीस मी दोषी ठरवू इच्छित नाही. हब उघडणे, धुणे, आणि चाक डगमगणारही नाही व अडकणारही नाही अशी कोनाची नेमकी जागा बोटांनी शोधून काढणे, यात त्याचा बराच वेळ जातो. आणि एवढे केल्यावर त्याने मजुरी सांगितली, की ‘नुसते ग्रीस भरायचे इतके पैसे?’ असा प्रश्न आपणच विचारतो. नव्या चाकाची किंमत आपण बिनतक्रार देतो, कारण ती वस्तू हाती येते. कौशल्याची किंमत देताना मात्र आपला हात आखडतो. नवा हब जुन्या रिममध्ये छत्तीस तारांनी विणणे हे तर याहून कसबाचे काम, आणि ते जाणणारी माणसे जिल्ह्यात विरळ होत चालली आहेत, याची मला खरोखर चिंता वाटते.

ज्या सायकलीच्या नावावर हा सारा व्यवहार चालतो, तिचा जन्मच हबच्या देखभालीतून झाला, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. १९७६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील टामालपाईस पर्वताच्या परिसरात काही तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकलींवरून डोंगर उतरण्याच्या शर्यती लावू लागले. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्येच असल्याने उतारावर आतील ग्रीस जळून धूर निघे, आणि शर्यतीनंतर हब उघडून तो नव्याने भरावा लागे. ‘रिपॅक’ हे त्या शर्यतीचे नावही त्यावरूनच पडले. त्या तरुणांनी प्रत्येक उताराला नवे चाक घेतले असते, तर माउंटन बाईक जन्मासच आली नसती.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, आणि शेतीची अवजारे, मोबाइल, गृहोपयोगी उपकरणे व मोटारगाड्या ही चार क्षेत्रे प्रारंभी विचारात घेतली. सायकलीचा त्यांत स्वतंत्र उल्लेख नाही, आणि हा अन्याय दूर व्हावयास हवा: कोनाचे माप, आसाचे आटे, छर्ऱ्यांचा आकार ही माहिती कारखानदाराने सायकलीसोबत छापून द्यावी, आणि सुटे भाग तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचवावेत. गिअरच्या सायकलीचा धनी एक वेळ नवे चाक घेऊ शकेल. परंतु मानव विकास कार्यक्रमाखाली आठवी ते बारावीच्या ज्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळाल्या, त्यांच्या साध्या हबमध्येही तेच कोन आणि तेच छर्रे आहेत, आणि त्यांच्या घरी नव्या चाकाची तजवीज कोण करणार? अनुदान सायकल घेण्यासाठी मिळते. दोन वर्षांनी तिचे मागचे चाक अडकले, की मुलीची शाळाही अडकते.

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तत्पूर्वी, मृगाचा पाऊस लागण्याच्या आत, गावातील एखाद्या जाणत्या मिस्तरीस योग्य मजुरी देऊन मुख्याध्यापकांनी शाळेत बोलवावे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील चार विद्यार्थी त्याच्या हाताखाली द्यावेत, आणि शाळेतील प्रत्येक सायकलीचा मागचा हब एकदा उघडून, पुसून, नवे ग्रीस भरून बंद करावा. जिल्हा परिषदेने या खर्चास मंजुरी द्यावी, अशी माझी जाहीर मागणी आहे.